दोन वाटांची मोटारसायकल : जुनी घ्यावी की नवी?

(नभोवाणीवरील भाषण)

आषाढातील एका रात्री, नऊच्या सुमारास, खानापूर तालुक्यातील एका पशुवैद्याच्या दारात रानाकडच्या खेड्यातून एक मनुष्य येऊन उभा राहिला. म्हैस अडली होती. रेडकू आडवे आले होते. गाव जांबोटीच्या पलीकडे, मोठ्या रस्त्यापासून सहा किलोमीटर आत. डॉक्टरांनी पिशवी बांधली, रेनकोट चढविला आणि आपली नेहमीची मोटारसायकल बाहेर काढली. डांबरी रस्ता सरून कच्ची वाट लागली तेथवर गाडीने साथ दिली. परंतु लाल चिखलाच्या एका चढावर मागचे चाक जागच्या जागी फिरू लागले आणि पुढचे चाक दगडांच्या खोबणीत जाऊन बसले. गाडी तेथेच सोडून डॉक्टर उरलेली वाट पायी चालले. म्हैस वाचली, रेडकू मात्र हाती लागले नाही. अर्धा तास आधी पोहोचलो असतो तर, हा विचार पुढे कित्येक दिवस त्यांच्या मनातून जाईना.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांनी गाडी बदलण्याचे ठरविले. कोणत्या जातीची गाडी हवी याविषयी त्यांना संदेह नव्हता. डांबरावर चालेल आणि डांबर संपल्यावरही चालेल, अशी ती हवी होती. प्रश्न उरला तो एवढाच, की तिची जुनी आवृत्ती घ्यावी की नवी? हा प्रश्न आज बेळगावात, गोव्यात, इंदुरात पुष्कळांना पडतो, आणि ‘नवे ते चांगले’ किंवा ‘जुने ते सोने’ यांपैकी एखादे ठरीव उत्तर देऊन तो सोडविला जातो. त्या दोन्ही उत्तरांत पैसा फुकट जाण्याचा संभव आहे. म्हणून त्याचा थोडा तपशिलाने विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

अशा दुहेरी उपयोगाच्या गाड्यांना परदेशात ‘ड्युअल-स्पोर्ट’ म्हणतात. १९६८ साली जपानच्या यामाहा कंपनीने डीटी-१ ही हलकी गाडी काढली आणि रानवाटेची मोटारसायकल सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. पुढे १९८० साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने मोठ्या इंजिनाची गाडी याच हेतूने बांधली. तिच्या नावातील जी आणि एस ही दोन अक्षरे ‘रानवाट’ आणि ‘सडक’ या अर्थाच्या दोन जर्मन शब्दांची आहेत. नावातच तडजोड आली. कारण सडकेला जे मानवते ते रानवाटेला मानवत नाही. पुढचे चाक मोठे असेल तर ते दगडावर सहज चढते, पण घाटातल्या वळणावर गाडी सावकाश कलते. स्प्रिंगांची धाव लांब असेल तर खड्डे पोटात घेतले जातात, पण आसन उंच होते आणि ठेंगण्या माणसाचे पाय जमिनीला पुरत नाहीत. या जातीच्या प्रत्येक गाडीने यांतील काही घेतलेले असते आणि काही सोडलेले असते. काय घेतले आणि काय सोडले, हे पाहणे म्हणजेच गाडी निवडणे होय.

आपल्याकडे या जातीला प्रथम फारसा आश्रय मिळाला नाही. २०११ साली हिरो कंपनीने इम्पल्स ही १५० सीसीची गाडी आणली. तिला पुरेसे गिऱ्हाईक लाभले नाही आणि काही वर्षांनी ती बंद झाली. त्यानंतर मार्च २०१६ मध्ये रॉयल एन्फील्डची हिमालयन ही गाडी बाजारात आली, आणि भारतात या जातीचा खरा प्रसार तिच्यापासून सुरू झाला असे म्हणावयास हरकत नाही. इंजिन ४११ सीसीचे, एका सिलिंडरचे, हवेने व तेलाने थंड होणारे, पुढचे चाक २१ इंची, गिअर पाच. साडेसात वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, गोव्यात वागातोर येथे भरलेल्या मोटारसायकलस्वारांच्या मेळाव्यात तिची नवी आवृत्ती विक्रीस खुली झाली आणि जुनीचे उत्पादन थांबले. नवीचे इंजिन ४५२ सीसीचे, पाण्याने थंड होणारे, गिअर सहा. दोघींचे नाव एक असले तरी इंजिन, सांगाडा, स्प्रिंगा, घड्याळ यांतील जवळजवळ काहीच एकीचे दुसरीला लागत नाही. तेव्हा हा प्रश्न एकाच गाडीच्या दोन वयांचा नसून दोन स्वतंत्र स्वभावांचा आहे.

तो स्वभाव इंजिनात दडलेला आहे. जुन्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ७८ मिलिमीटर, आणि त्यातील दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धाव ८६ मिलिमीटर. म्हणजे सिलिंडर अरुंद आणि धाव लांब. नवीन इंजिनात हे उलटले आहे : व्यास ८४ मिलिमीटर आणि धाव ८१.५ मिलिमीटर. आकडे नुसते ऐकताना क्षुल्लक वाटतील, परंतु सगळा फरक त्यांतून उगवतो. ज्याची धाव लांब त्या दट्ट्याला प्रत्येक फेऱ्यात अधिक अंतर तोडावे लागते. म्हणून तो फार वेगाने फिरविता येत नाही, पण सावकाश फिरतानाही त्याचा जोर टिकतो. ज्याची धाव आखूड तो भराभर फिरू शकतो, आणि त्याची खरी शक्ती तो भराभर फिरू लागल्यावरच प्रकट होते.

म्हणून जुनी गाडी मिनिटास ६,५०० फेऱ्यांवर सुमारे २४ ते २५ अश्वशक्ती देते, तर नवी ८,००० फेऱ्यांवर ४० अश्वशक्ती देते. ओढ, जिला यंत्रज्ञ टॉर्क म्हणतात, जुनीत ३२ न्यूटन-मीटर आहे आणि ती चार ते साडेचार हजार फेऱ्यांच्या दरम्यान मिळते; नवीत ती ४० न्यूटन-मीटर आहे आणि ५,५०० फेऱ्यांवर मिळते. नवीच्या कर्त्यांचे म्हणणे असे की तीन हजार फेऱ्यांपासूनच तिची नऊ दशांश ओढ हाती येते. ते मान्य केले तर तीन हजारांच्या वर नवी गाडी जुनीला सर्वत्र मागे टाकते, याविषयी वाद करण्याचे कारण नाही.

वाद आहे तो तीन हजारांच्या खालचा. आणि डॉक्टरांचे सारे आयुष्य तीन हजारांच्या खाली जाते! चिखलाच्या चढावर, दगडांच्या ओढ्यात, बैलगाडीच्या चाकोरीत, मनुष्य चालतो त्याच वेगाने गाडी न्यावी लागते. तेथे जुने इंजिन धापा टाकीत का होईना पण पुढे सरकत राहते. क्लचला हात लावावा लागत नाही, आणि चाक हळूहळू फिरत असल्यामुळे जमिनीला धरून राहते. नवे इंजिन इतक्या खाली उतरले की अडखळू लागते, आणि मग स्वाराला क्लच अर्धवट दाबून फेरे वर ठेवावे लागतात. सराव असलेल्या स्वाराला याचे काही वाटत नाही. किंबहुना रानवाटेवर वेगाने जाणारा तरुण नवीलाच पसंती देईल. परंतु रात्री पावसात, पाठीवर औषधांची पिशवी आणि मागे वाटाड्या बसलेला असताना, ज्याला केवळ न पडता पोहोचावयाचे आहे त्याच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे.

उलट बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हमरस्त्यावर जुनी गाडी ताशी १०० किलोमीटरच्या आसपासपर्यंत सुखाने चालते. त्यापुढे तिला रेटावे लागते. समोर ट्रक आहे, मागून बस येत आहे, आणि मध्ये ओलांडून जाण्यापुरतीच जागा आहे, अशा प्रसंगी हाताशी शक्ती शिल्लक असणे ही चैन नसून सुरक्षितता आहे, आणि ती नवीत भरपूर आहे. सहावा गिअर असल्याने इंजिनही शांत राहते.

डॉक्टरांचा एक भाचा इंदूरला असतो. त्याने नवी गाडी घेतली आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात तो इंदूरहून मनालीला, म्हणजे हजाराहून अधिक किलोमीटर, जाऊन आला. मामांचा विचार चालला आहे असे कळताच त्याने फोन केला. “मामा, जुनीत पैसे कशाला घालता? नवीच घ्या. एकदा बसून तर बघा!” मामा म्हणाले, “अरे, तुझी गाडी घरून निघते ती मनालीला थांबते. माझी दिवसातून अकरा वेळा गोठ्यापाशी थांबते.” भाचा हसला, पण मुद्दा त्याला पटला की नाही हे सांगता येत नाही.

थंड होण्याच्या पद्धतीविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. हवेने थंड होणारे इंजिन चालत्या वाऱ्यावर अवलंबून असते. मे महिन्यात गर्दीत अडकले म्हणजे ते तापते आणि त्याची धग स्वाराच्या पायांना लागते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात तापमान आटोक्यात राहते, आणि म्हणूनच त्यातून एवढी अधिक शक्ती काढता येते. परंतु त्यासाठी रेडिएटर, पंखा, नळ्या आणि पंप असा पसारा येतो. दगडावर गाडी आपटून जुनीचा एखादा पत्रा वाकला तर ती घरी येते. नवीचा रेडिएटर फुटला तर येत नाही. शिवाय जुनीच्या झडपांमधील अंतर गावातला जाणता मिस्त्री पाना आणि पात्याची पट्टी घेऊन नीट करू शकतो. नवीत दोन कॅमशाफ्ट, चार झडपा, आणि मूठ पिळल्यावर तारेऐवजी विजेच्या संदेशाने उघडणारी वाट आहे. ते काम कंपनीच्या कार्यशाळेचे. खानापूरहून बेळगाव काही दूर नाही हे खरे, पण कामाचा एक दिवस मोडतो हेही खरे.

येथवर ऐकून कोणी जुनी गाडी घ्यावयास निघेल, तर त्याला क्षणभर थांबविले पाहिजे. कारण ‘जुनी’ ही काही एक गाडी नाही. त्या एका नावाखाली चार निरनिराळ्या गाड्या बाजारात फिरतात, आणि त्यांतील अंतर कित्येकदा जुनी व नवी यांच्या अंतराहून मोठे असते. पहिली २०१६ व २०१७ च्या प्रारंभीची, कार्बुरेटरची. एप्रिल २०१७ पासून बीएस-४ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला, आणि त्या वर्षीच्या उत्तरार्धात कार्बुरेटरच्या जागी पेट्रोल मोजून फवारणारी इंजेक्शनची योजना आली, ती दुसरी. २०१८ पासून चाक अडकू न देणारी ब्रेकव्यवस्था, म्हणजे एबीएस, आली, ती तिसरी. आणि जानेवारी २०२० मध्ये बीएस-६ नियमाप्रमाणे सुधारलेली, मागच्या चाकापुरते एबीएस बंद करण्याचे बटण असलेली, ती चौथी.

कार्बुरेटरची गाडी स्वस्त मिळते आणि तिचे पेट्रोलचे गणित कोणताही मिस्त्री जुळवून देतो, म्हणून काही जण तीच शोधतात. परंतु पहिल्या वर्षांतील गाड्यांविषयी मालकांच्या तक्रारी पुष्कळ होत्या, आणि पुढील प्रत्येक फेरीत त्यांतील काही ना काही दुरुस्त होत गेले. त्यातून एखाद्याला हिमालयात जावयाचे असेल तर कार्बुरेटरचा आणखी एक दोष आड येतो. साडेपाच हजार मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा होतो. पण कार्बुरेटरला ते कळत नाही, आणि तो पेट्रोल जवळजवळ पूर्वीच्याच मापाने देत राहतो. इंजिन गुदमरते. इंजेक्शनच्या गाडीत दाब मोजणारा संवेदक असतो आणि तो त्या मानाने पेट्रोल कमी करतो. कणकुंबीच्या डोंगरात मात्र या गोष्टीचा काहीच संबंध येत नाही.

एबीएसचा संबंध मात्र सर्वत्र येतो. ओल्या डांबरावर घाबरून ब्रेक जोराने दाबला की चाक अडकते, आणि अडकलेले चाक घसरते. दुचाकीचे पुढचे चाक घसरले म्हणजे सावरावयास वेळच मिळत नाही. एबीएस चाकाला क्षणोक्षणी किंचित मोकळे करून ते अडकू देत नाही. चोर्ल्याच्या घाटात धुक्यातून उतरताना समोर एकाएकी गुरे आडवी आली, तर या योजनेचे मोल कळते. म्हणून २०१८ पूर्वीची गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नित्य वापरासाठी ती घेऊ नये, असेच कोणीही जाणता मनुष्य सांगेल. आता सुट्या खडीच्या उतारावर हीच योजना उलटते. तेथे मागचे चाक थोडे अडकून खडीत रुतलेलेच बरे. ते सारखे मोकळे होत राहिले तर गाडी थांबता थांबत नाही. यासाठीच चौथ्या फेरीत मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय झाली. नवीतही ती आहे. तेव्हा जुनी घ्यावयाची तर २०२० नंतरची, हे सूत्र ठरविले की अर्धा गोंधळ संपतो.

उंचीचा विचार पुष्कळ लोक दुकानात करीत नाहीत आणि मग ओढ्यात करतात. जुनीचे आसन जमिनीपासून ८०० मिलिमीटरवर आहे. नवीचे ८२५ वर, आणि ते ८४५ पर्यंत चढविता येते. पाव इंचाने कपडा आखूड झाला तर शिंप्याशी भांडणारा मनुष्य येथे एका इंचाचा फरक सोडून देतो! दगडावर थांबताना एका बाजूला पाय पुरला नाही की गाडी कलते, आणि कललेली दोनशे किलोची गाडी हाताने तोलून धरता येत नाही. वजनात दोघी जवळजवळ सारख्या आहेत. बीएस-६ची जुनी १९९ किलो, नवी १९६. अधिक शक्तीची गाडी तीन किलोंनी हलकी निघावी हे नव्या बांधणीचे कौतुकच म्हटले पाहिजे. परंतु पडलेली गाडी एकट्याने उचलणाऱ्याला या तीन किलोंचा दिलासा मिळत नाही. ज्याला हे वजनच जड वाटते त्याने हिरोच्या एक्सपल्सकडे पाहावे. ती सुमारे ४० किलोंनी हलकी आहे. डॉक्टरांनी ती पाहिली होती; पण मागे माणूस, दोन्ही बाजूंस पेट्या, आणि महिन्यातून दोनदा बेळगाव-पणजी असा त्यांचा वापर असल्यामुळे तिचा विचार त्यांनी सोडून दिला.

पंक्चर हा विषय क्षुद्र वाटतो, परंतु रानात रात्री तोच सर्वांत मोठा होतो. तारांच्या चाकात ट्यूब असली तर चाक काढून, टायर उघडून ट्यूब बाहेर घ्यावी लागते. ट्यूब नसलेल्या टायरला बाहेरूनच दोरीचा बोळा ठोसून हवा भरली की काम भागते. जुनीला ट्यूबचीच चाके आहेत. नवीही प्रारंभी ट्यूबच्याच चाकांवर विकली गेली; ट्यूबविरहित तारांची चाके २०२४ च्या अखेरीस मिळू लागली. म्हणजे ‘नवी’ म्हणून वापरलेली गाडी घेणाऱ्यानेही तिची चाके पाहिलीच पाहिजेत.

राहिला पैसा. नवी गाडी प्रथम आली तेव्हा सर्वांत साध्या प्रकाराची किंमत, रस्ता-कर व विमा वगळून, २ लाख ६९ हजार होती. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराची फेररचना झाली, तीत ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकली स्वस्त झाल्या, परंतु त्यावरील गाड्यांचा कर ३१ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला, आणि नवी हिमालयन तीन लाखांच्या पुढे सरकली. त्यावर कर्नाटकाचा रस्ता-कर. डॉक्टरांना त्याच वर्षी मुलीच्या वसतिगृहाचे पैसेही भरावयाचे होते, हे येथे सांगितले म्हणजे पुरे.

जुनी गाडी वापरलेलीच मिळणार, आणि सीमाभागात तिच्या खरेदीत एक खोच आहे. गोव्यात किंवा कोल्हापुरात नोंदलेली गाडी बेळगावकराला स्वस्त दिसते. परंतु एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले तर तेथील नोंदणी क्रमांक घेणे कायद्याने आवश्यक आहे. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते आणि नव्या राज्याचा कर भरावा लागतो. हा हिशोब आधी केला नाही तर वाचलेले पैसे तेथेच जातात. दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारणपणे २० टक्के इथेनॉल असते. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे भाग त्या मिश्रणाला टिकतील असे केलेले आहेत. त्यापूर्वीची गाडी घेणाऱ्याने पेट्रोलच्या नळ्या आणि रबरी कड्या तपासून घ्याव्यात, आणि इथेनॉल ओलावा ओढून घेते म्हणून टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

अखेर डॉक्टरांपुढे तीन गाड्या उरल्या : दुकानातली नवी, २०१६ची कार्बुरेटरची, गोव्यात नोंदलेली, फारच स्वस्त, आणि २०२२ची जुनी आवृत्ती, बेळगावातच नोंदलेली, नवीच्या निम्म्याहून थोड्या अधिक किमतीची. ही तिसरी गाडी पाहावयास ते एका वयस्क मिस्त्रींना बरोबर घेऊन गेले. मिस्त्रींनी दारात शिरताच इंजिनावर हात ठेवला आणि तो झटकन मागे घेतला.

“काय ओ, गरम करून ठेवलाय होय?” ते विकणाऱ्याला म्हणाले. “डॉक्टर, आपण चहा घेऊन येऊ. गाडी थंड झाल्यावर बघायची.”

तासाभराने त्यांनी गाडी सुरू करून डोळे मिटून आवाज ऐकला. मग मधल्या स्टँडवर चढवून डॉक्टरांना मागच्या बाजूस दाबून धरावयास सांगितले, आणि अधांतरी झालेले पुढचे चाक सावकाश दोन्हीकडे वळविले. हँडलच्या मुळाशी जे बेअरिंग असते, ज्याला मिस्त्री लोक ‘कोनसेट’ म्हणतात, ते झिजले असले म्हणजे हँडल बरोबर मध्यावर येताच किंचित अडते. खडबडीत रस्त्यावर चाललेल्या या गाड्यांचे ते दुखणे सर्वश्रुत आहे. हे हँडल अडले. त्यानंतर पान्याने चाकाच्या एकेक तारेवर टिचकी मारून त्यांनी नाद ऐकला. मागच्या चाकाच्या दोन तारा बद्द वाजल्या. खाली वाकून सांगाड्याचे जोड पाहिले, पुढच्या नळ्यांवर तेल ओघळले आहे काय ते बोटाने पाहिले, आणि शेवटी सर्व्हिसचे पुस्तक मागितले. पुस्तक होते, आणि शिक्के वेळच्या वेळी पडलेले होते.

“कोनसेट नवा, दोन तारा, चेन-स्प्रॉकेट. तेवढे पैसे कमी करा, गाडी आम्ही नेतो,” असे मिस्त्रींनी सांगितले, आणि थोड्या घासाघिशीनंतर तसेच ठरले. वाटेत डॉक्टरांनी विचारले, “नवी घ्यायला हवी होती काय हो?” मिस्त्री म्हणाले, “तुमची तब्येत, तुमची वाट आणि तुमचे पैसे बघून मी सांगितलं. तुमच्या भाच्यानं विचारलं असतं तर नवीच घे म्हणालो असतो.”

या उत्तराला एक पुस्ती जोडावी लागेल. ज्याचा बराचसा प्रवास हमरस्त्याचा आहे, ज्याची उंची बेताची नाही, जो मागे माणूस बसवून घाट चढतो, आणि कंपनीची कार्यशाळा ज्याच्या गावात आहे, त्याने केवळ जुनीच्या लौकिकावर भुलून ती घेऊ नये. बडोदे, हैदराबाद, ग्वाल्हेर येथील बहुतेक स्वार याच वर्गात मोडतील. त्यांच्या हाती जुनी गाडी दोन महिन्यांत कंटाळवाणी होते आणि सहा महिन्यांत पुन्हा विक्रीस निघते. बाजारात कमी चाललेल्या इतक्या जुन्या गाड्या दिसतात त्याचे एक कारण हेच असावे. जुन्या इंजिनाचा वंश मात्र अगदीच खुंटलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्यालाच किंचित मोठे करून, ४४३ सीसीचे व सहा गिअरचे बनवून, स्क्रॅम ४४० या नावाने कंपनीने पुन्हा आणले. पण तिचे पुढचे चाक १९ इंची आहे आणि रोख सडकेकडे अधिक आहे. खोल चाकोरीच्या चिखलात २१ इंची चाकाची बरोबरी ते करणार नाही.

पुढल्या वर्षीच्या पावसाळ्यात डॉक्टरांना पुन्हा त्याच गावाहून बोलावणे आले. या वेळी दुपारची वेळ होती आणि गाय आजारी होती. लाल चिखलाचा तो चढ गाडीने पहिल्या गिअरमध्ये, धापा टाकीत, एकदाही न थांबता पार केला. पलीकडे उतरल्यावर ओढ्याला कमरेइतके पाणी होते. डॉक्टरांनी गाडी एका आंब्याखाली उभी केली, पिशवी डोक्यावर घेतली, आणि पलीकडून आलेल्या गुराख्याचा हात धरून ते पाण्यात उतरले.